श्रीरंगपट्टणची युद्धस्मारके आणि न दिसणारा शेजारी

म्हैसूरहून बंगळूरच्या रस्त्याला लागलात की साधारण पंधरा किलोमीटरवर कावेरीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेले श्रीरंगपट्टणचे बेट लागते. सहलीची बस इथे दीड-दोन तास थांबते. रंगनाथस्वामीचे दर्शन, जामा मशिदीचे मिनार, दरिया दौलत बाग, गुंबज, एखादा शहाळेवाला आणि पुन्हा बस. वाटाड्या जी गोष्ट सांगतो ती थोडक्यात अशी: इथे टिपू सुलतान राज्य करीत होता, तो इंग्रजांशी लढला, फितुरी झाली आणि ४ मे १७९९ रोजी तो हातात तलवार घेऊन पडला.

ही गोष्ट खोटी नाही. पण ती दोघांचीच आहे. एक टिपू आणि दुसरे इंग्रज. त्या बेटावर जी स्मारके तुम्हाला दिसतील तीही ही दोघांचीच गोष्ट सांगतात. या टिपणात आपण त्यांचे समीक्षात्मक वाचन करणार आहोत, आणि माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हैसूरचे युद्ध हे तीस-चाळीस वर्षे चाललेले, अनेक शेजाऱ्यांमधले युद्ध होते. स्मारकांनी त्याला द्वंद्वाचे रूप दिले. त्या द्वंद्वातून जो शेजारी गळाला तो म्हणजे मराठे. आणि या गळण्याचे आपल्याला, म्हणजे मराठी वाचकाला, दुःख होत नाही; उलट त्याने आपली सोय झाली आहे. ही सोय कशी झाली ते पाहायचे आहे.

स्मारकाची तारीख

किल्ल्याच्या पश्चिम अंगाला, जिथून नदीपात्र दिसते आणि जिथल्या तटाला १७९९ मध्ये खिंडार पाडण्यात आले, तिथे एक स्तंभ उभा आहे. वर निमुळता होत जाणारा, चौकोनी, मिसरी धाटणीचा. जनरल हॅरिस याच्या हाताखालच्या ब्रिटिश फौजेने घातलेला वेढा आणि ४ मे १७९९ चा अखेरचा हल्ला यांची आठवण म्हणून तो उभारला आहे, आणि त्या मोहिमेत पडलेल्या अधिकाऱ्यांची नावे त्यावर आहेत.

आता स्तंभ कोणी उभारला ते वाचा. कंपनी सरकारने नव्हे, लंडनच्या कोणा मंडळानेही नव्हे. १९०७ साली, चौथे कृष्णराज वाडियार यांच्या कारकिर्दीत, म्हैसूर सरकारने तो उभारला. म्हणजे म्हैसूरची राजधानी पाडणाऱ्यांचे स्मारक म्हैसूरनेच, घटनेनंतर १०८ वर्षांनी, स्वतःच्या खर्चाने बांधले. पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटते. पण टिपू पडल्यावर काय झाले ते आठवा. इंग्रजांनी जुन्या वाडियार घराण्यातल्या पाच वर्षांच्या मुलाला, तिसऱ्या कृष्णराजांना, गादीवर बसवले. म्हैसूरच्या राजघराण्याच्या दृष्टीने ४ मे हा दिवस पराभवाचा नव्हता, गादी परत मिळण्याच्या मार्गातला दिवस होता. शिवाय १८३१ पासून १८८१ पर्यंत राज्याचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला होता आणि मग तो परत दिला होता. १९०७ मधल्या म्हैसूर दरबाराला कलकत्त्याच्या सरकारशी मैत्री दाखवण्याची गरज होती, असे मला वाटते. स्तंभ १७९९ बद्दल जेवढे सांगतो, तेवढेच १९०७ बद्दलही सांगतो. (जाता जाता: त्या वर्षी म्हैसूरचे दिवाण होते व्ही. पी. माधवराव. ते कुंभकोणमच्या मराठी भाषक कुटुंबातले. मराठी माणूस या गोष्टीत अशा अनपेक्षित जागी भेटत राहतो.)

स्मारक वाचताना विद्यार्थी बहुधा शैली पाहतो, दगड पाहतो, मजकूर पाहतो. त्याच्याही आधी तारीख पाहावी. बांधल्याची नव्हे, निवडल्याची. दीर्घ युद्धात शेकडो दिवस असतात. त्यांतला एक दिवस निवडून दगडावर कोरला की बाकीचे दिवस त्या दगडामागे जातात. स्तंभाने ४ मे १७९९ निवडला. त्या दिवशी तटाखाली मराठी फौज नव्हती, हे अगदी खरे. दुसऱ्या बाजीरावाने चौथ्या युद्धात भाग घेतला नाही, आणि टिपूच्या मुलखातला वाटा देऊ केला तोही काही अटींपायी नाकारला. तेव्हा स्तंभावर मराठ्यांचा उल्लेख नाही ही स्तंभाची चूक नाही. प्रश्न वेगळा आहे. चारऐवजी एखादा दुसरा दिवस निवडला असता तर या बेटावर कोणाची नावे कोरावी लागली असती?

दरिया दौलतच्या भिंती

त्या प्रश्नाकडे जाण्याआधी दरिया दौलत बागेत चला. माझ्या मते बेटावरचे सर्वांत गुंतागुंतीचे युद्धस्मारक तेच आहे, जरी त्याला कोणी स्मारक म्हणत नसले तरी. टिपूने १७८४ मध्ये बांधलेला हा लाकडी उन्हाळी महाल. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर पोल्लिलूरच्या लढाईचे भव्य चित्र आहे. १० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळ हैदर आणि टिपू यांनी कर्नल विल्यम बेली याची फौज पार उडवली, त्याचे हे चित्र. मध्ये चौकोन करून उभे राहिलेले लाल डगलेवाले, त्यांच्यात पालखीत बसलेला जखमी बेली, पेटलेला दारूगोळ्याचा गाडा, चहूबाजूंनी घोडेस्वारांचा विळखा, दुर्बीण डोळ्याला लावलेला एक फ्रेंच अधिकारी. शिर तुटलेली धडेही आहेत, आणि चित्रकाराने ती रंगवताना हात आखडता घेतलेला नाही.

स्तंभाशी याची तुलना करा. स्तंभावर नावे आहेत, माणसे नाहीत. इथे माणसे आहेत, नावे नाहीत. स्तंभ मेलेल्यांची यादी करतो. भिंत मारण्याचा क्षण दाखवते. विजेत्याने आपल्या घराच्या भिंतीवर आपला विजय रोज पाहण्यासाठी रंगवून घेतला आहे.

पण हे चित्र आज जसे आहे तसे टिपूचे नाही, आणि समीक्षकाने थांबायचे ते इथे. असे सांगतात की वेढा पडण्याआधी टिपूनेच ही चित्रे चुन्याने झाकून टाकली होती. श्रीरंगपट्टण पडल्यावर ऑर्थर वेलस्ली इथला अधिकारी झाला, या महालात राहिला, आणि त्याने ती पुन्हा रंगवून घेतली. पुढे १८५० च्या दशकात गव्हर्नर जनरल डलहौसीच्या हुकुमाने, मूळ चित्रे आठवत असलेल्या एका इथल्याच चित्रकाराकडून, त्यांचे पुन्हा जीर्णोद्धारकाम झाले. म्हणजे इंग्रजांच्या एका नामुष्कीच्या पराभवाचे चित्र इंग्रजांनीच दोनदा उजळून ठेवले. का? टिपू जिवंत होता तोवर ते चित्र धमकी होते. तो मेल्यावर ते जिंकून आणलेली वस्तू झाले. पाहा, आम्हाला असे हरवणाऱ्यालाही आम्ही शेवटी हरवले, असे ते नव्या मालकाच्या तोंडून बोलू लागले. रंग तेच, अर्थ उलटा.

आता पूर्वेच्या भिंतीकडे वळा. बहुतेक सहली तिथे थांबत नाहीत. तिथे लढाई नाही. रांगांमध्ये मांडलेले दरबार आहेत: समकालीन राजे-रजवाडे, नायक, नवाब. तंजावरचा राजा, चित्रदुर्गचा मदकरी नायक, मागडीचा केंपेगौडा, बनारसचा राजा. आणि परंपरेने जी ओळख सांगितली जाते त्यानुसार त्यांत पेशव्यांचाही दरबार आहे. तिसऱ्या कृष्णराज वाडियारांचाही आहे, आणि ते तर टिपूच्या मृत्यूनंतर गादीवर आले. ही ओळख बरोबर असेल तर या भिंतीवर पुढच्या हातांनी भर घातली हे उघड आहे. भिंत एका हाताची नाही, एका काळाची नाही.

या भिंतीवर पेशवा शत्रू नाही, मित्रही नाही. तो शेजारी आहे. आपल्या दरबारात बसलेला, इतर शेजाऱ्यांच्या ओळीतला एक. साऱ्या बेटावर मराठी सत्तेला मिळालेली दृश्य जागा मला फक्त ही दिसते, आणि मला ती पुष्कळ अर्थपूर्ण वाटते. अठराव्या शतकातल्या दख्खनची खरी रचना पश्चिमेच्या भिंतीवर नाही, पूर्वेच्या भिंतीवर आहे. पश्चिमेला दोन बाजू आहेत. पूर्वेला अनेक घरे आहेत.

आणि पोल्लिलूरच्याच वर्षाकडे पाहा. १७८० मध्ये पुण्याच्या नाना फडणीसांनी इंग्रजांविरुद्ध जी आघाडी जुळवली तिच्यात हैदर अली होता, निजामही होता. पोल्लिलूरला मराठी फौज नव्हती, कारण ती तेव्हा गुजरात आणि कोकणात इंग्रजांशी लढत होती. पश्चिमेच्या भिंतीवरचा विजय हा पुणे आणि श्रीरंगपट्टण एका बाजूला असतानाचा विजय आहे. मग १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने मराठ्यांनी स्वतंत्रपणे तह केला. १७८५ ते १७८७ मध्ये नरगुंद, बदामी या मुलखात मराठे आणि टिपू एकमेकांशी लढले आणि गजेंद्रगडला तह झाला. १७९० मध्ये मराठे इंग्रजांच्या बाजूने टिपूवर चालून गेले. दहा वर्षांत घर फिरले. हे फिरणे कोणत्याच स्तंभावर मावत नाही, कारण स्तंभाला एकच बाजू लागते.

१७९२ कुठे गेले?

तिसऱ्या म्हैसूर युद्धाचा हा भाग मराठी पाठ्यपुस्तकांत दोन-तीन ओळींत उरकला जातो, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. १ जून १७९० च्या करारानुसार पेशवे कंपनीबरोबर युद्धात उतरले. निजामही उतरला. परशुरामभाऊ पटवर्धन यांनी सप्टेंबर १७९० मध्ये धारवाडला वेढा घातला. तो वेढा एप्रिल १७९१ पर्यंत चालला, आणि त्यात मुंबईहून आलेली कंपनीची एक तुकडी कॅप्टन लिटल याच्या हाताखाली मराठ्यांबरोबर होती. दुसरी मराठी फौज हरिपंत फडक्यांची.

मे १७९१ मध्ये गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस स्वतः श्रीरंगपट्टणवर चालून आला. १५ मे रोजी अरकेरेला त्याने टिपूला मागे रेटले, पण तोवर त्याच्या फौजेचे कंबरडे मोडले होते. दाणावैरण संपली, ओढीचे बैल मेले, पावसाने चिखल केला, रोगराई पसरली. आपल्या जड तोफा ओढायला जनावरे नाहीत म्हणून त्याला त्या कन्नंबाडीजवळ स्वतःच्याच हाताने निकामी करून टाकाव्या लागल्या. कन्नंबाडी म्हणजे आज जिथे कृष्णराजसागर धरण आणि सहलीवाल्यांचे वृंदावन उद्यान आहे ती जागा. उपाशी फौज बंगळूरकडे परत फिरली, आणि वाटेत समोरून घोडेस्वार दिसले. आधी वाटले टिपूचे. ते मराठे होते. पाठवलेले जासूद टिपूच्या लोकांनी मधेच अडवल्यामुळे मराठी फौज इतकी जवळ आली आहे हे कॉर्नवॉलिसला ठाऊकच नव्हते.

मराठी तळाबरोबर बाजार होता. त्या बाजारात धान्य होते, कापड होते, भांडीकुंडी होती, सराफाची दुकाने होती. भाव चढे होते, पण माल होता. कंपनीच्या फौजेतल्या लोकांनी नंतर जे लिहिले त्यात त्या बाजाराचे आश्चर्य ओसंडून वाहते. त्या फौजेला त्या आठवड्यात ज्याने वाचवले त्यात शौर्याहून वाण्या-बकालांचा वाटा मोठा होता. या प्रसंगाचे स्मारक कोणी बांधेल? तोफ ठेवून स्तंभ उभारता येतो. ज्वारीच्या पोत्याचा स्तंभ मी तरी कुठे पाहिलेला नाही.

पुढे फेब्रुवारी १७९२ मध्ये कॉर्नवॉलिस पुन्हा आला. ६ फेब्रुवारीच्या रात्री त्याने बेटाबाहेरच्या तळावर छापा घातला. हरिपंत फडके आपल्या फौजेसह तिथेच तळ देऊन होते. टिपूने तह मागितला. मार्च १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने त्याचे निम्मे राज्य गेले, ३ कोटी ३० लाख रुपये दंड बसला आणि त्याची दोन मुले ओलीस द्यावी लागली. सोडलेल्या मुलखाचे तीन वाटे झाले: कंपनी, निजाम, पेशवे. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला भिडली.

टिपूचे राज्य खऱ्या अर्थाने मोडले ते या तहाने. १७९९ मध्ये पडले ते अर्धे उरलेले राज्य होते. आणि १७९२ चा विजय तिघांचा होता. त्याचे स्मारक श्रीरंगपट्टणला नाही. ते आहे चेन्नईला, फोर्ट सेंट जॉर्जच्या संग्रहालयात. टॉमस बँक्स या शिल्पकाराने केलेला कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा तिथे आहे, आणि त्याच्या चौथऱ्यावर टिपूची मुले ओलीस म्हणून स्वाधीन केली जात असल्याचे उठावशिल्प आहे. लढाई नाही, वाटणी नाही, तळावरचा बाजार नाही. एक दयाळू वडीलधारा आणि दोन मुले. तिघांचा विजय दगडात उतरताना एकाचा झाला.

मराठ्यांना ही जागा का नको होती?

इथपर्यंत दोष इंग्रजांचा आणि वाडियारांचा, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण मराठ्यांनीही १७९२ चे काही बांधले नाही, आणि नंतरच्या मराठी समाजानेही नाही. पानिपतचा पराभव आपल्याला तपशिलासह पाठ आहे. तिथल्या काळ्या आंब्याला जाऊन माती कपाळाला लावणारे लोक दरवर्षी जानेवारीत निघतात. श्रीरंगपट्टणच्या विजयाला मात्र कोणी जात नाही.

एक उत्तर असे की आपल्याकडे स्तंभ उभारण्याची रीत नव्हती, वीरगळ आणि छत्र्या होत्या. ते उत्तर मला पुरेसे वाटत नाही. वीरगळ हा शब्दच कन्नडातून आलेला, दगड उभा करून लढवय्याला आठवण्याची रीत दोन्ही मुलखांत शतकानुशतके होती. खरे कारण पुढच्या दहा वर्षांत आहे. श्रीरंगपट्टण पडल्यावर वेलस्लीने तेच ठाणे केले. टिपूच्या अमृतमहाल बैलांची खिल्लारे त्याच्या हाती आली. १८०३ मध्ये तो हरिहरहून निघाला आणि २० एप्रिलला पुण्यात पोचला. त्याच्याबरोबर म्हैसूरचे शिलेदार होते. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव झाला. बारा वर्षांपूर्वी ज्या कंपनीला कन्नंबाडीच्या वाटेवर मराठ्यांनी दाणा पुरवला, तिच्याच तोफा आता म्हैसूरच्या बैलांनी ओढल्या. १७९२ ला दगड लावायचा तर त्यावर हेही कोरावे लागले असते. म्हणून तो विजय पोटात ठेवला गेला.

पोटात ठेवण्यासारखे आणखीही होते. १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबर असलेल्या पेंढारी टोळ्यांनी शृंगेरीचा शारदापीठाचा मठ लुटला. मूर्ती हलवली गेली, स्वामींना मठ सोडून कारकळला जावे लागले. स्वामींनी टिपूला लिहिले आणि टिपूने पुनःप्रतिष्ठेसाठी मदत पाठवली. या पत्रव्यवहारातली टिपूची कन्नड पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांनी उजेडात आणली. ही घटना आज राजकीय वादात दोन्हीकडून वापरली जाते. एकाला ती टिपूच्या सहिष्णुतेचा पुरावा म्हणून हवी असते, दुसऱ्याला ती टिपूचे राजकारण म्हणून झटकायची असते. कर्नाटक सरकारने २०१५ पासून टिपू जयंती साजरी केली आणि २०१९ मध्ये ती थांबली, त्या सगळ्या गदारोळात शृंगेरीचे नाव वारंवार आले. दोन्ही बाजूंना टिपूबद्दल बोलायचे असते. मराठी वाचकाने आधी विचारावा असा प्रश्न वेगळा आहे: मठ लुटणारी फौज कोणाची होती? याचे उत्तर देणारा दगड ना शृंगेरीला आहे ना मिरजेला. श्रीरंगपट्टणला मराठे दिसत नाहीत म्हणून आपण तिथे पाहुणे म्हणून फिरू शकतो. सोय म्हणालो ती ही.

नाव कोरणे

श्रीरंगपट्टणच्या स्तंभाबद्दल आणखी एक गोष्ट. त्यावर अधिकारी नावाने येतात. शिपाई नावाने येत नाहीत. ज्या फौजेने वेढा घातला तिच्यातली बहुसंख्य माणसे मद्रास आणि मुंबईच्या पलटणींतली इथलीच होती, पण त्यांच्या वाट्याला नाव आले नाही.

याच्या शेजारी पुण्यापासून तासाभरावर असलेला कोरेगाव भीमाचा स्तंभ ठेवून पाहा. घडण जवळजवळ तीच. तोही कंपनीच्या विजयाचाच, १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत, आणि मजकूर मराठीतही आहे. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ती महार शिपायांची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या स्तंभाचा अर्थ बदलला. कंपनीने आपल्यासाठी उभारलेला दगड दुसऱ्याच समाजाचा झाला. हे शक्य झाले कारण नावे होती. शंभर वर्षांनी कोणी येऊन आपल्या माणसाचे नाव बोटाने शोधू शकत होता. श्रीरंगपट्टणच्या स्तंभाला अशी दुसरी जिंदगी मिळाली नाही. शोधायला येणाऱ्याला तिथे काही सापडणार नाही.

जिथे नाव आहे तिथे माणसे येतात, याचा आणखी एक दाखला याच बेटावर आहे. गुंबजाजवळ कर्नल बेलीचे स्मारक आहे. कैदेत मेलेल्या या काकासाठी लखनौला रेसिडेंट असलेल्या पुतण्याने ते १८१६ मध्ये बांधवले. गॅरिसन कबरस्तानात द म्यूरॉन या स्विस पलटणीतल्या लोकांच्या कबरी आहेत. त्या पडक्या झाल्या होत्या. त्या घराण्याच्या वंशजांनी युरोपातून येऊन दुरुस्तीला हातभार लावला. एका स्विस घराण्याला या बेटावर आपले माणूस सापडले.

उलट प्रकारही ध्यानात ठेवा. बंगळूरच्या १७९१ च्या वेढ्यात पडलेल्या इंग्रजांचे एक स्मारक महानगरपालिकेजवळ होते. ते १९६४ मध्ये काढून टाकण्यात आले. त्याच्यावरून ज्या रस्त्याचे नाव पडले होते तो आज नृपतुंग रस्ता आहे. बंगळूरकरांना ते परके वाटले आणि त्यांनी ते हटवले. मी त्यांना दोष देणार नाही. पण श्रीरंगपट्टणचा स्तंभ उभा आहे याचा मला आनंद आहे, कारण म्हैसूर दरबाराने १९०७ साली काय विचार केला हे त्याच्याशिवाय कळले नसते.

कागद, आणि एक गोपूर

मग मराठ्यांनी या युद्धाचे काहीच ठेवले नाही का? ठेवले. कागद ठेवले. पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेत छापली. तळावरून घरी लिहिलेली, खर्चाची, पगार थकल्याची, पावसाची, जनावरांची, कोण कोणावर रुसला याची ही पत्रे आहेत. स्तंभापेक्षा ती अधिक प्रामाणिक आहेत, कारण ती कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेली नव्हती. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याचे खंड असतील तर या युद्धाच्या वर्षांचा खंड काढून बसा. वाचायला मोडीची गरज नाही, ती देवनागरीत आहेत. भाषा सुरुवातीला अडेल. चार पाने झाली की सुटेल.

दगड पाहायचाच असेल तर सांगली जिल्ह्यात तासगावला जा. परशुरामभाऊंनी बांधवलेले गणपतीचे देऊळ तिथे आहे. ते पुरे झाले १७९९ मध्ये. त्याच वर्षीच्या मे महिन्यात टिपू पडला, आणि सप्टेंबरमध्ये पट्टणकुडीला कोल्हापूरकरांशी लढताना भाऊ स्वतः पडले. त्या देवळाला पुढे सात मजली गोपूर आहे. महाराष्ट्रातल्या पेशवेकालीन देवळांना असे गोपूर नसते. कर्नाटकातल्या मोहिमांत भाऊंनी जी देवळे पाहिली त्यांच्यावरून ते बांधले, असे तासगावात सांगतात. श्रीरंगपट्टणच्या तटावरून वर डोकावणारे रंगनाथस्वामीचे गोपूर वेढा घालणाऱ्या प्रत्येक फौजेला दिसत असे. तासगावच्या गोपुरावर कोणत्याही लढाईचे नाव नाही. ऋषिपंचमीला त्याच्या समोरून गणपतीचा रथ निघतो आणि गावातले लोक तो दोर लावून हातांनी ओढतात.